धूर दिसतो आहे

२१ जानेवारी. उणे ५१. वारा नाही.

पोचले. एक बॅटरी सोडली तर सामानही धड पोचलं. खाय्सार गावापासून तारिनच्या हवामान ठाण्यापर्यंत नव्वद किलोमीटर, सगळा रस्ता गोठलेल्या नदीवरून. गाव्रिलने वाटेत दोनदा चहा घेतला, पण गाडीचं इंजिन एकदाही बंद केलं नाही. म्हणाला, ऑक्टोबरात चालू केलंय, आता एप्रिलात बंद करीन. बायको म्हणते माझ्यापेक्षा हिच्याशीच जास्त बोलतोस. दोन फेब्रुवारीला मला न्यायला येतो म्हणाला.

ठाण्यावर एकच माणूस, प्रोकोपी. वय एकाहत्तर. मी माझ्या आजोबांना एहे म्हणायचे, यांनाही तेच म्हणू लागले. त्यांनी दारातच टोपीत बुडालेल्या मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शहरातून पोरगी मागवली होती की टोपी, असं विचारलं. मग घोड्याच्या मटणाचं सूप वाढलं, गोठलेल्या माशाचे काप मिठाबरोबर पुढे केले आणि उरलेला एक तुकडा शेगडीला दिला. नवीन माणूस आलं की विस्तवाला सांगावं लागतं, म्हणाले.

घर लहान आहे, गरम आहे. मला इथे आवडेल.

२२ जानेवारी. उणे ५३.

काम असं: स्वस्तातला घराबाहेर लावायचा कॅमेरा, जो उणे तीसच्या पुढे चालणार नाही असं खोक्यावरच लिहिलेलं आहे, तो उणे साठला चालवून दाखवायचा. चालला तर चौदा ठाण्यांवर तोच लागेल. त्याच्यासाठी डबा बनवला आहे: सांडपाण्याच्या जाड पाईपचा तुकडा, आतून दाबलेल्या लोकरीचा नमदा, पुढे दुहेरी काच, काचांमध्ये ओल शोषणारी पुडी, आणि कॅमेऱ्याच्या पोटाशी तीन रेझिस्टर, सतत कोमट राहणारे. साधी वायर इथे वाकवली की काडीसारखी तुटते, म्हणून सिलिकॉनच्या आवरणाची आणली आहे.

खांब घरापासून तीस पावलांवर. चौकटीत डावीकडे नदीवरचा रस्ता, उजवीकडे घर, दार आणि धुराडं. काचेजवळ काम करताना श्वास रोखते, नाहीतर वाफ लगेच चिकटते. एका वेळी चाळीस सेकंद. मग मागे वळून श्वास सोडायचा.

नेम धरायला ठळक, उभं काहीतरी हवं होतं. दाराशी काठी होती, ती दाराला टेकवून ठेवली आणि पहिलं चित्र घेतलं. तेवढ्यात आतून दार धडधडलं. दार बाहेर उघडतं, काठीने अडलं होतं, मी धावत जाऊन ती काढली. एहे बाहेर आले ते संतापूनच. शहरात हेही विसरलात का, म्हणाले. घर सोडून जाताना काठी टेकवतात, घरात कोणी नाही हे येणाऱ्याला कळावं म्हणून. आत माणूस असताना टेकवत नाहीत. मी माफी मागितली. ते म्हणाले, माझी कसली मागतेस, मी तर बाहेर आलोच की.

चित्र उत्तम आलं आहे. काठीच्या सालीचे पदरसुद्धा दिसतात.

२३ जानेवारी. उणे ५३.

वीस मिनिटांनी एक चित्र, दहा ते तीन, उजेड असेपर्यंत. डबा चित्र आपणच गावात पाठवतो. माझ्या लॅपटॉपवर ते फक्त दिसतं, तिथून काही पाठवता येत नाही. गावात आक्सिन्या एजिय रेडिओवर बसतात. एजिय म्हणजे थोरली बहीण, अख्ख्या गावाची. आजवर रोज सकाळ-संध्याकाळ एहे रेडिओवर तीन शब्द सांगायचे: धूर वर आहे. गावातही सकाळी उठून आधी शेजाऱ्याचं धुराडं पाहतात. धूर नसेल तर चहा टाकून धावतात.

तुटलेल्या बॅटरीमुळे डब्याच्या उबेला वीज पुरेना. रेडिओची बॅटरी तिकडे जोडायचं मी सुचवलं: आता धूर चित्रात दिसतोच, सांगायचा कशाला? थंडीत आवाज फसवतो, कॅमेरा फसवत नाही. एजियना एकदम पटलं. वीस वर्षं ह्या म्हाताऱ्याचा घोगरा आवाज ऐकून पहाट खराब होते, आता फोटो बघत चहा पिईन, असं म्हणाल्या. एहे हसले नाहीत. धूर बघणाऱ्याने हाक मारली तर ओ देणारं कोणी हवं, एवढंच पुटपुटले. तरी बॅटरी काढून त्यांनीच माझ्या हातात दिली.

२५ जानेवारी. उणे ५५. पहाटे धुकं.

एहेंनी आज धुराडं साफ केलं. पावणेअकरा ते बारा शेगडी विझलेली होती. नोंदींसाठी चित्रं चाळताना दिसलं: अकराच्या, अकरा वीसच्या आणि अकरा चाळीसच्या चित्रांत धूर आहे.

जुनंच चित्र पुन्हा पुन्हा जात असावं, हा पहिला अंदाज. पण तिन्ही चित्रांत सावली सरकलेली आहे, धुराचा आकार वेगळा आहे. खात्रीसाठी लाल बादली घेऊन एकच्या ठोक्याला खांबासमोर उभी राहिले. एकच्या चित्रात मी नाही. एक चाळीसच्या चित्रात आहे, लाल बादलीसकट. तेव्हा मी आत बटाटे सोलत होते.

म्हणजे चित्र चाळीस मिनिटं मागे आहे. डब्यातलं घड्याळ गारठलं असणार. मग धुराचं काय, ते जुळत नाही. उद्या बघते.

एहेंना खोकला आहे.

२६ जानेवारी. उणे ५६.

डबा खाली उतरवला, घड्याळ बदललं, पुन्हा चढवला. बोटांची सालं निघाली.

एक वीसचं चित्र: मी बर्फाचे ठोकळे रचते आहे, पिण्याच्या पाण्यासाठी. आज मी ठोकळ्यांना हात लावलेला नाही. कालही नाही. बाहेर जाऊन मोजले: सकाळी होते तेवढेच आहेत, अकरा. चित्रात चौदा आहेत.

एहेंना हे दाखवलं नाही. त्यांना ताप आहे.

२७ जानेवारी. उणे ५८.

जनरेटरच्या डिझेलची खीर झाली, चालू होत नाही. एहे उठू शकत नाहीत. छातीत घरघर, ओठ निळसर. माझ्याकडे तापाच्या गोळ्या आहेत, आणखी काही नाही. त्यांना गावातल्या दवाखान्यात न्यायला हवं, आणि लवकर.

डब्याच्या उबेची बॅटरी काढून रेडिओला लावली. आवाज तुटत होता, पण एजिय मिळाल्या. सांगितलं, एहे फार आजारी आहेत, गाव्रिलला आत्ता पाठवा. त्या खो-खो हसल्या. पोरी, म्हणाल्या, म्हातारा तुझ्यासमोर लाकडं फोडतोय, टोपीसुद्धा घातली नाहीये चहाटळाने, आणि तू म्हणतेस आजारी? ही त्याचीच चेष्टा ना, दे त्याला, दे. मी म्हटलं, ते बेशुद्ध आहेत, चित्रावर विश्वास ठेवू नका. त्या म्हणाल्या, अगं, तूच सांगितलंस ना, थंडीत आवाज फसवतो, कॅमेरा फसवत नाही. सांगितलं होतं. तेवीस तारखेला, ह्याच शब्दांत.

मागून गाव्रिलचा आवाज: नदीवर बर्फाखालून पाणी चढलंय, उगाच कोण जाणार, दोन तारखेला जातोच आहे.

पडद्यावर पाहिलं. एहे लाकडं फोडत होते.

पलंगावर पाहिलं.

डब्याला आता ऊब नाही. दहा मिनिटांत काच पांढरी व्हायला हवी होती. चित्र आधीपेक्षा स्वच्छ आहे.

२८ जानेवारी. उणे ५८.

चादरीवर कोळशाने हातभर अक्षरांत लिहिलं: डॉक्टर पाठवा. अकरा ते पाऊण खांबासमोर धरून उभी होते. मधे चार वेळा आत येऊन हात शेकले, एहेंचे ओठ ओले केले.

चित्रात मी दोरीवर चादर वाळत घालते आहे. पांढरी. कोरी.

रेडिओवर एजिय खूश होत्या: उणे अठ्ठावन्नला चादरी धुतेस, अशी सून कोणाला नको? मी ओरडले. पहिल्यांदाच. त्या म्हणाल्या, काही ऐकू येत नाही गं, नुसती खरखर, पण दिसतेयस छान. नंतर बॅटरी बसली. शेगडीजवळ ठेवून पाहिली. उठत नाही.

२९ जानेवारी

कॅमेऱ्याची वायर कापली. मधला वीतभर तुकडा काढून खिशात ठेवला आहे.

बाराचं चित्र आलं. बारा वीसचंही.

मग कुऱ्हाडीने खांब तोडला. लाकूड दगडासारखं, दीड तास लागला. डबा आत आणला. टेबलावर आहे, काच माझ्याकडे. दोन वाजताचं चित्र त्याच उंचीवरून, तीस पावलांवरून. घर, दार, धुराडं. दाट, सरळ धूर.

एहे दुपारी शुद्धीवर आले. त्यांना सगळं सांगितलं. पडदा दाखव म्हणाले. स्वतःला लाकडं रचताना बराच वेळ पाहिलं. त्याने काठी टेकवलेली नाही ना, विचारलं. मी म्हटलं, नाही. मग आहोत अजून, म्हणाले. शेगडीला एक घास द्यायला सांगितलं. दिला.

३० जानेवारी

पायी नव्वद किलोमीटर. सहा-सात किलोमीटरच्या पुढे जमणार नाही, हिशेब स्वच्छ आहे. आणि त्यांना सोडून—

नाही.

३१ जानेवारी

एहे गेले. सकाळी दहाच्या आधी.

घर आणि बाहेरचं दार यांच्या मधल्या थंड खोलीत, दाराशेजारी ठेवलं. तोंडावर त्यांचीच टोपी.

दहाचं चित्र: एहे दारात उभे, चहा पिताहेत. कपातून वाफ निघते आहे.

२ फेब्रुवारी

गाव्रिल आज येणार. इंजिनाचा आवाज इथे फार लांबून ऐकू येतो. सकाळपासून दार उघडून ऐकते आहे. शांत. माझा श्वास गोठून तडतडतो, तेवढाच आवाज.

बारा वीस: चित्रात गाडी. दारासमोर. पाठीमागून धूर सोडत.

मी धावत बाहेर गेले. दारासमोर कोवळा, सपाट बर्फ. चाकांची खूण नाही. हाका मारल्या, गाव्रिल, गाव्रिल. हात पसरून गाडी असायला हवी तिथून चालले. काहीच लागलं नाही. आत आले, दार लोटून घेतलं.

बारा चाळीस: पुढच्या सीटवर एहे, हसताहेत. ती, चित्रातली मी, माझी बॅग गाडीत ठेवते आहे. माझी बॅग इथे, पायाशी.

एक वाजता: ती काठी दाराला टेकवते आहे.

एक वीस: चौकट तिच्या चेहऱ्याने भरली आहे. काच तपासायला आली होती. तोंडापुढे वाफ नाही. श्वास रोखला आहे तिने, काचेवर वाफ धरू नये म्हणून. मी रोखते तसाच.

एक चाळीस: गाडी नाही. काठी आहे.

म्हणजे आम्ही गावात पोचू. एजिय सूप वाढतील. आता इथे कोणी येणार नाही. कशाला येईल?

दार उघडत नाही.

३ फेब्रुवारी

दार उघडत नाही. खांद्याने, कुऱ्हाडीच्या दांड्याने. तसूभरही नाही. एक साधी काठी. कुऱ्हाडीचं पातं दारावर घसरतं, ओरखडासुद्धा उठत नाही. एहे तिथेच आहेत, दर धक्क्याला त्यांची टोपी हलते.

लाकडं सगळी बाहेर. आत नऊ ओंडके. खुर्ची, टेबल, शेल्फ. पलंग.

शेगडी पेटवली, भरपूर. कोणीतरी धूर बघेल. कोणीतरी—

चित्रात धूर नाही. आता नाही. धुराड्यावर बर्फाची टोपी चढली आहे.

लॅपटॉपची बॅटरी कालच संपली. पडदा चालू आहे.

४ फेब्रुवारी

खिडकी. तीन काचा. कुऱ्हाड घातली, आवाज झाला, तडा नाही.

खिडकीशी कंदील धरून उभी राहिले. चित्रात खिडकी आंधळी. आतून बर्फ धरलाय, पूर्ण. खूप दिवस कोणी नसलेल्या घरासारखी.

शेवटचे दोन ओंडके टाकले. ज्वाळा आहे. दिसते. आवाजही—

इथल्या, खऱ्या खिडकीच्या काचेच्या कोपऱ्यावर पांढरं. आतून. सकाळी नव्हतं. वाढतंय.

शेगडी लाल आहे. लिहिते आहे त्या हाताने नाही, दुसऱ्या हाताने तिला धरलं. नीट, पूर्ण तळवा. चटका बसायला हवा. तळवा लोखंडाला—

गार. चिकट—