गिऱ्हाईक बिचकतं

१६ जून, सोमवार. सकाळी ६.१०

बियाण्यांच्या कंपनीनं फुकट वाटलेली ही डायरी सहा महिने कोरी पडून होती. आजपासून रोज लिहिणार. शिवाय आजपासून राग पूर्ण बंद. राग हा माझा स्वभावच नाही, तो लोकांमुळे येतो. पाचला उठून प्राणायाम करायचं ठरलं होतं, सहाला उठलो. पहिल्या दिवशी एक तास इकडेतिकडे चालतो.

रोज स्वतःची ओळख स्वतःला करून द्यावी असं इंटरव्ह्यूच्या व्हिडिओत सांगितलंय. तर: नाव गुरुलिंग, वय २९, मुक्काम उमरगा, बी.कॉम. चौदाव्या वर्षी काकाच्या कडबाकुट्टी यंत्रात उजव्या हाताची अडीच बोटं गेली. अंगठा, करंगळी आणि एक अर्धं शिल्लक आहे. डाव्या हातानं लिहितो. अक्षर तालुक्यात पहिल्या दहांत. असं कॉलेजचे सर म्हणाले होते. म्हणजे ते 'चांगलं आहे' म्हणाले होते, दहा मी धरले.

संध्याकाळी ७

राग आला. माझा इलाज नव्हता.

मेडिकल दुकानात जागा होती. मालकानं मार्कशीट बघितली, अक्षर बघितलं, मग हात बघितला. म्हणाला, तुला जमंल रे काम, पन गिऱ्हाईक बिचकतंय. गेल्या महिन्यात मोबाइल शॉपीवाला हेच म्हणाला. त्याआधी साडीवाला. तिघांची दुकानं वेगळी, वाक्य एक. मेडिकलमध्ये येणारा माणूस आधीच तापानं फणफणलेला असतो, तो माझ्या हाताला काय बिचकणार? कोण आहे हे गिऱ्हाईक? राहतं कुठं? मला त्याला एकदा गाठायचंय. तोंडावर विचारायचंय, बाबा, मी तुझं काय खाल्लं?

१७ जून

राग नाही. फक्त नोंद करतो.

अपंगाच्या सवलतीला चाळीस टक्के लागतात. बोर्डानं मला अडतीस दिले. डॉक्टरांनी हात उलटसुलट केला, पेन पकडायला लावलं, मी पकडलं. हुशारी दाखवायला गेलो आणि दोन टक्के घालवले. म्हणजे सरकारनं घ्यावं इतका मी मोडलेला नाही आणि दुकानदारानं घ्यावं इतका धड नाही. ते दोन टक्के कुणाच्या घशात गेले ते एकदा कळू दे.

आई म्हणाली, जेवून घे, ताटावर कशाला दात खातूस.

१९ जून

उपाय सापडला. खिसा.

गिऱ्हाइकाला हात दिसतो म्हणून ते बिचकतं. दिसलाच नाही तर? गफारभाई टेलरकडे पँट दिली, उजवा खिसा चार इंच खोल करायला सांगितला. ते म्हणाले, इत्ता गहरा किसलिए बेटा? मी म्हणालो, फॅशन आहे. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग टेपकडे, म्हणाले, बराबर है. त्यांना अजिबात संशय आला नाही.

२१ जून

प्रॅक्टिस. उजवा हात खिशात ठेवून आरशासमोर चाललो, बसलो, उठलो. एकदम ऑफिसर वाटतो. आई म्हणाली, खिशात काय उंदीर हाय का, सारखा धरून ठेवलायस ते? आईला पर्सनॅलिटीतलं कळत नाही.

प्राणायाम आजही राहिला.

२२ जून, रविवार

हायवेला महांतप्पाअण्णांचं ट्रान्सपोर्ट ऑफिस आहे, तिथं बिल्टी लिहायला माणूस पाहिजे. बिल्टी म्हणजे मालाबरोबर ट्रकवाल्याला द्यायची पावती. तीन कॉपी, मध्ये कार्बन. पेन दाबून लिहावं लागतं. डाव्या हातानं पेन दाबायचं आणि उजव्या हाताच्या तळव्यानं बुक. माझा तळवा पेपरवेटपेक्षा भारी आहे, पंख्याला हलत नाही. ही नोकरी माझ्यासाठीच काढलेली आहे. इंटरव्ह्यू बुधवारी. मिळाली असंच समजून चालतो. आईला सांगूनही टाकलं. तिनं शेजारी सांगितलं.

२५ जून, बुधवार. दुपारी ३

जे झालं ते झालं तसं लिहितो.

अण्णांच्या ऑफिसात मी आणि एक मुलगी, दोघंच उमेदवार. मुलीचं नाव आफरीन, तीही बी.कॉम., डोक्याला स्कार्फ. अण्णांनी विचारलं, लिहायला येतं का, हिशोब येतो का. मी उत्तरं फटाफट दिली. हात खिशात. अण्णा खूश दिसत होते. वीस मिनिटं सगळं प्लॅनप्रमाणे.

एवढ्यात बाहेर नारळ फुटला. आज अमावस्या. सगळे ट्रान्सपोर्टवाले अमावस्येला गाड्यांची पूजा करतात, गाडीला लिंबू-मिरच्या बांधतात. हे मला लहानपणापासून माहीत आहे. कॅलेंडर बघायचं राहिलं. अण्णा उठून बाहेर गेले आणि स्वतः प्रसादाचं ताट घेऊन आत आले, खोबरं आणि साखर. माझ्यासमोर उभे राहिले.

मी डावा हात पुढं केला.

दारातला ड्रायव्हर म्हणाला, अरं देवाचा परसाद हाय, डाव्या हातानं घेतूस व्हय? मग उजवा काढावा लागला. खिसा खोल, हात लवकर निघेना. निघाला. अण्णांनी चमच्यानं साखर घातली आणि बोटं नाहीत तिथून ती सगळी खाली गेली, माझ्या बुटावर.

त्या मुलीनं उजव्या हातानं प्रसाद घेतला, शांतपणे रुमालात बांधला. दाखवायला केलं असणार.

अण्णा म्हणाले, पोरा, हात तसा हाय हे सांगायचं की. आमाला हाताचं काय न्हाय. लपवून ठेवलास त्येचं वाईट वाटलं. मग म्हणाले, दोघं तीन-तीन दिवस काम करून बघा, आधी तू.

म्हणजे सिलेक्शन झाल्यात जमा आहे. तिला नुसतं दुखवायचं नाही म्हणून बोलावलंय.

२८ जून, शनिवार

तीन दिवस पूर्ण. एकूण ४१ बिल्ट्या, एकही चूक नाही. एका बिल्टीवर कांद्याऐवजी कापूस लिहिला होता, पण ती चूक मीच पकडली, ट्रक नळदुर्गापर्यंत गेल्यावर.

ड्रायव्हर लोक मला 'खिसावाले साहेब' म्हणतात. तीन दिवसांत साहेब. मेडिकलवाल्यानं बघायला पाहिजे होतं.

२ जुलै

तिचे तीन दिवस आज संपले. मी समोरच्या हॉटेलात चहा प्यायला बसत होतो, योगायोगानं रोज. ती पटापट लिहिते. एका ड्रायव्हरनं भाड्यावरून आवाज चढवला तेव्हा तिनं त्याला त्याच्याच मागच्या बिल्टीची कॉपी काढून दाखवली. तो पावती घेऊन निघाला. मला नाही आवडलं. नवीन माणसानं इतकं पुढं पुढं करू नये.

३ जुलै, गुरुवार

अण्णांनी मला बोलावून घेतलं. एकट्याला. चहा मागवला. इतका मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

म्हणाले, गुरुलिंग, तू हुशार हायस, तुला म्हणून इचारतो. पोरीचं काम चोख हाय, पर आपल्याकडं खेड्यापाड्यातनं माणसं येत्यात. तिचं नाव, तो स्कार्फ. तुला कसं वाटतंय?

मी थोडा विचार केला. म्हणालो, अण्णा, पोरगी चांगली आहे, पण गिऱ्हाईक बिचकेल.

हे मी का म्हणालो ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. मी तिच्या धर्माविषयी एक अक्षर बोललो नाही. माझे शिंपी गफारभाई आहेत. मी फक्त गिऱ्हाइकाविषयी बोललो. धंद्याचं प्रॅक्टिकल मत मागितलं, प्रॅक्टिकल मत दिलं. शिवाय ती हुशार आहे, तिला कुठंही मिळेल. मला मिळत नाही. दोन टक्क्यांनी राहिलेल्या माणसानं आणखी किती मोठं मन दाखवायचं?

अण्णा बराच वेळ मान हलवत होते. पटलेलं दिसलं.

५ जुलै, शनिवार. रात्री

अण्णांनी मेहुण्याचा मुलगा ठेवला. सिद्धाराम. बारावी नापास.

मी जाऊन विचारलं. शांतपणे विचारणार होतो, पण बाकड्यावर हात आपटला गेला. अण्णा म्हणाले, तूच तर डोळं उघडलंस बाबा. गिऱ्हाईक बिचकतंय म्हणालास. मग म्या म्हणलं, पोरीला बिचकंल तर तुज्या हाताला न्हाय व्हय बिचकनार? सिद्धाराम कसा, बघनाऱ्याला काय खटकत न्हाय.

काय खटकत नाही? त्यानं आजच गाडीचा नंबर चुकीचा टाकला, मी डोळ्यांनी बघितला. ज्याला दहा बोटं आहेत आणि एक काम धड येत नाही, तो गिऱ्हाइकाला चालतो. एकेचाळीस बिल्ट्या कुणी मोजल्या नाहीत. माझंच वाक्य माझ्याच तोंडावर मारलं. आणि वर चहा पाजला होता. चीड येते. नुसती चीड येते. ही दुनिया जाळून टाकावी वाटतं आणि काडी ओढायला पण दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल.

६ जुलै

कालचं शेवटचं वाक्य खोटं आहे. काडी मला ओढता येते. आत्ता ओढून बघितली.

आईला सांगितलं. तिनं शेजारणीला काय सांगायचं एवढंच विचारलं.

११ जुलै

संकल्प: अन्यायाविरुद्ध तालुका पातळीवर संघटना. नाव, 'गिऱ्हाईक कोण?' अध्यक्ष मी. पहिलं निवेदन लिहायला घेतलं, चार पानं झाली, अजून मेडिकलवाल्यावरच आहे.

१५ जुलै

निवेदनाच्या झेरॉक्स काढायला गेलो तर हायवेच्या वजनकाट्यावर आफरीन दिसली. काचेआड खुर्चीत. ट्रक काट्यावर येतो, ती वजन लिहून पावती देते. दहा मिनिटं बघितलं. चार ट्रक आले. कुणीही बिचकलं नाही. एक म्हातारा शेतकरी तर तिला, बाई, जरा मोठ्यानं सांग वजन, म्हणत होता.

बघा. मी म्हणालोच होतो, तिला कुठंही मिळेल. एका अर्थी मी तिचं भलंच केलं. झेरॉक्सचं दुकान तोवर बंद झालं.

२२ जुलै

वजनकाट्याचे मालक रामहरीशेठ यांचा निरोप आला. काम वाढलंय, दुसरा माणूस पाहिजे, गुरुवारी या. मी अर्ज केला नव्हता. म्हणजे नाव पोचलंय. एकेचाळीस बिल्ट्यांची गोष्ट हायवेभर झालेली दिसते. गुणांची कदर उशिरा होते पण होते. पगाराचं मी आधी बोलणार नाही, त्यांनाच बोलू देणार. आफरीनला माझ्या हाताखाली काम करायला अवघडणार नाही एवढं बघायला पाहिजे. तिला सुरुवातीलाच सांगेन, आपण दोघंही अन्यायग्रस्त, मला साहेब म्हणू नका.

संघटना तूर्त स्थगित.

२४ जुलै, गुरुवार. अमावस्या

या वेळी कॅलेंडर बघून गेलो. काट्यावर नारळ फोडलेलाच होता. प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घेतला. काही सांडलं नाही.

रामहरीशेठना म्हणालो, माझं नाव आपल्याला महांतप्पाअण्णांनी सांगितलं असेल. ते म्हणाले, न्हाय हो, ह्या ताईनं. म्या तिला इचारलं, त्या पोराचा हात तसला हाय, इथं गिऱ्हाईक बिचकंल का? ती म्हनली, लिहितोय स्वच्छ, पावतीवर हात कुटं दिसतोय. म्हनून बोलावलं. ती शिकवंल तसं करा.

शेठ गेले. मी आत बसलो. 'आपण दोघंही अन्यायग्रस्त' हे वाक्य तयार होतं, पण आधी तीच बोलली. पावतीपुस्तकात कार्बन घालत, मान वर न करता. म्हणाली, भाऊ, मलाबी चार दुकानात तेच सांगितलं होतं, गिऱ्हाईक बिचकतंय. मला लई दिवस बघायचं होतं, हे गिऱ्हाईक हाय तरी कोण. मग अण्णांनी मला नको म्हणून सांगताना तुमचं नाव सांगितलं.

मी खिशात हात घालायला गेलो तर ती म्हणाली, हात भायेर ठिवा, इथं दोन्ही लागत्यात.

सोयाबीनचा ट्रक आला. तिनं वजन सांगितलं. मी डाव्या हातानं लिहिलं, उजव्यानं पुस्तक दाबून धरलं. तिन्ही कॉपी स्वच्छ उठल्या. तिनं वरची फाडून ड्रायव्हरला दिली आणि म्हणाली, अक्षर खरंच चांगलं हाय तुमचं.

दिवसभर फार राग आला. धरायला माणूस सापडला नाही.

उद्या आठला जायचंय. पँट गफारभाईंकडे टाकली, खिसा होता तेवढा करून द्या म्हणालो. ते म्हणाले, बराबर है.