सोनगीरच्या दोघी जावा

धुळे, डिसेंबर १९९१, सोमवार

गुन्हेशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी आज सोनगीरला. वाटणीच्या भांडणात धाकट्याने थोरल्या भावाला ठार मारलं. आता तुरुंगातून धाकट्याला पॅरोलवर येऊ द्यायचं का, हे घरच्यांना विचारायचं होतं. वाटणी झालीच नाही; दोघी जावा अजून एकाच चुलीवर.

चहा थोरलीने, विधवेनेच दिला. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली बोटं. मी विचारलं तशी धाकटी उठून आत गेली. थोरली म्हणाली, "बठ्ठा कापूस वावरमा शे. येऊ द्या त्याले." सगळा कापूस अजून शेतातच, वेचायला माणूस हवा.

एवढंच. मला काहीच कसं वाटलं नाही?

निघताना धाकटीने मला कुंकू लावलं. थोरली दाराआड सरकली. चौकटीवर नुसती ती बोटं.

घरी नानांनी विचारलं, "मग, फौजदार कधी होणार?" मी हसले. जेवले. अहवालात लिहिलं : कुटुंबाची हरकत नाही.