घर सोडून सगळं दाखवा

ता. ४ जानेवारी

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

यांना ऑफिसनं प्रशिक्षणासाठी तुमच्या शहरी धाडलंय, तीन-चार दिवस. मीही शेपटासारखी मागोमाग येतेय. ऑफिसनं तळ्याजवळच्या लॉजमध्ये खोली दिलीय, तेव्हा तुम्ही उगाच गाद्या झटकत बसू नका. हे दिवसभर वर्गात असतील आणि मी मोकळी. कुठं काय खावं, काय बघावं, तेवढं सविस्तर कळवा. मागल्या वर्षी दादा गेला तेव्हा आले होते, पण तेव्हा शहर कसलं, समोरचं माणूससुद्धा दिसत नव्हतं. आणि यांचं पोट नाजूक आहे, हे ध्यानात ठेवा. जिभेचं तसं काही नाही.

लोभ आहेच, तो असाच सांभाळा.

तुमची धाकटी नणंद

ता. ११ जानेवारी

चि. सौ. वन्संस अनेक उत्तम आशीर्वाद. (पन्नाशी आली तरी माझ्या लेखी तू चि.च.)

लॉजचं वाचून राग आला. भावाचं घर असताना लॉज! दोन दिवस तुझं पत्र उलटं घालून ठेवलं. मग म्हटलं, विचारलंय तर सांगावं, आणि डोकं खाजवत बसले. अगं, या शहरात माझा जन्म गेला, पण मी पाहिलंय काय? तुझा दादा खिडकीशी बसून बिघडलेल्या रेडिओंना कथलाचे डाग द्यायचा आणि दर रविवारी म्हणायचा, पुढच्या रविवारी नक्की जाऊ.

शेवटी तुझ्यासाठी काल मीच बाहेर पडले. तो गेल्यापासून बाजारापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. तळ्याच्या पलीकडे एक जुनं उपाहारगृह आहे, तिथं माडीवर खिडकीपाशी बस. सूप दाट, पाव ताजा, तुझ्या यजमानांना सोसेल. मासळी झणझणीत असते, ती तू खा. काल खाली धुकं होतं. होड्या दिसतच नव्हत्या, नुसता वल्ह्यांचा आवाज येत होता, आणि मला वाटलं, मी दुसऱ्याच कुणाच्या तरी गावात बसलेय. तेवढ्यात वेटरनं विचारलं, पाहुण्या का? मी बेधडक हो म्हटलं आणि तुझं गाव सांगून टाकलं! मग त्यानंच मला टेकडीवरच्या बागेत पाठवलं. संध्याकाळी तिथून अख्खं शहर पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं. बाकावर बसून आपलं घर शोधत राहिले. सापडलं नाही, आणि गंमत म्हणजे बरं वाटलं.

हे सगळं बघ. पण एक जेवण घरी, यात सूट नाही.

लोभात काटकसर नको.

तुझी वहिनी

ता. १७ जानेवारी

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

पत्र यांना वाचून दाखवलं. हे सुपावर खूश आहेत. जेवणाचं मात्र खरं काय ते लिहिते. ऑफिसनं खोली दिली ही थाप होती, लॉज मीच ठरवलं. वहिनी, माझ्यानं घरी येववणार नाही. मागल्या वर्षीही अंगणातूनच परतले होते. मी जोवर तो उंबरा ओलांडत नाही, तोवर माझ्यापुरता दादा अजून खिडकीशी बसलेला आहे, चष्मा कपाळावर चढवून. मी आत आले की तो उठून जाईल. हे म्हणतात, वेडाबाई आहेस. असेन. हवं तर रागवा, पण अबोला धरू नका.

लोभ तुटू देऊ नका.

तुमची धाकटी

ता. २२ जानेवारी

चि. सौ. वन्संस अनेक उत्तम आशीर्वाद.

मुळीच रागावले नाही. पत्र टेकडीवर वाचलं, हल्ली तिकडंच असते. अगं, मी तर तो उंबरा रोज ओलांडते, आणि रोज तो उठून जातो. मलाही चार दिवस सुट्टी हवीय. म्हणून तुमच्या शेजारची खोली घेऊन टाकली. लॉजच्या व्यवस्थापकानं पत्ता विचारला. सांगितला, तर त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि हळूच विचारलं, घरी भांडण झालंय का? मी म्हटलं, भांडायला कुणी उरलं नाही म्हणूनच आलेय. बिचाऱ्यानं घाईघाईनं नोंदवही पुढं सरकवली.

आपण दोघीही पाहुण्या. होडीत बसू, खिडकीत बसून खाऊ, घराचं नाव काढायचं नाही.

बाकीचा लोभ समक्ष भेटीत.

तुझी वहिनी

शनिवार, सकाळ

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

ही चिठ्ठी यांच्या हाती लॉजवर पाठवतेय. रात्री गप्पा मारता मारता तुमच्याच खोलीत झोपले, पहाटे उठले तेव्हा तुम्ही गाढ झोपेत होता. तुमच्या पर्समधून घराची किल्ली काढून घेतली, चोरी म्हणा हवं तर.

चार दिवस तुम्ही किती हसलात! पण काल टेकडीवरून उतरताना दोनदा विचारलंत, तुमची गाडी कधीची? तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही गाडीत बसणार आणि तुम्ही एकट्या त्या कुलपाशी उभ्या राहणार. माझं मन थाऱ्यावर राहिलं नाही.

म्हणून आले. दादा नाही इथं, वहिनी. सगळ्या खोल्या बघितल्या. मग त्याच्या खुर्चीत बसून पोटभर रडले. आता खिडक्या उघडल्यात, केर काढलाय, चहाचं आधण ठेवलंय.

आज कुलूप तुम्हाला उघडायचं नाही. दार उघडं आहे आणि घरात माणूस आहे. या.

तुमची धाकटी