कॉम्प्युटरला खोबरेल तेल

सावेडी, नगर
१२ जानेवारी १९९८

प्रिय प्रवीणदादास,

माधुरीचा सप्रेम जयभीम. तुझी, वहिनीची आणि मुलांची तब्येत बरी असेल असं धरून चालते. आमच्याकडे माणसं बरी आहेत. कॉम्प्युटरचं मात्र काही खरं नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

दिवाळीत तू गंमत म्हणून ‘घरच्या कॉम्प्युटरची निगा’ असं लांबलचक पत्र पाठवलंस. मी आणि चेतन, आम्ही नवरा-बायको हसून लोळलो. चूक एवढीच झाली की मी ते माझ्या सासऱ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मामा हसले नाहीत. (शुगर फॅक्टरीत जन्मभर मशिनींचं तेलपाणी केलेला माणूस, निगा म्हटलं की तो हसत नाही.) त्यांनी पत्र मागून घेतलं, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू केला.

कीबोर्डला आठवड्याला एक अंघोळ घाला, असं तू लिहिलं होतंस. मी बाजारातून आले तेव्हा कीबोर्ड साबणाच्या पाण्यातून निघून दोरीवर, चेतनच्या बनियनशेजारी वाळत होता. माऊसला संधिवात होऊ नये म्हणून मालिश सांगितलीस. मामांनी त्याच्या पोटातली गोळी काढून खोबरेल तेलात भिजवली. आता पडद्यावरचा बाण एका जागी उभा राहत नाही, घसरतो. थंडीत मॉनिटरला पांघरूण, म्हणून माझी लग्नातली शाल त्याच्यावर, तीही तो चालू असताना. करपल्याचा वास आला तेव्हा मामा समाधानानं म्हणाले की आता त्यानं ऊब धरली.

हेही मी सोसलं असतं. पण सर्दी झालेल्या माणसाला कॉम्प्युटरजवळ येऊ देऊ नये, व्हायरस लागतो, हे तुला कशाला सुचलं? यज्ञेश्वर सरांच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचं काम मला नुकतंच मिळालं होतं. (त्यासाठीच तर मी शिवणक्लासातली नोकरी सोडली.) सर पहिली प्रत बघायला आले आणि उंबऱ्यातच शिंकले. मामा दारात आडवे उभे राहिले.

“सर, तुमी मोठी मान्सं,” ते म्हणाले, “पन नाक वाहतंय. बरं वाटलं की या. यंत्र नाजूक हाय.”

सरांनी रुमाल खिशात घातला आणि स्कूटरला किक मारली. काम दुसऱ्याकडे गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, तर मामांनी बाहेरूनच विचारलं, मलाही सर्दी झालीय का.

काल रिपेअरवाला आला होता. कॉम्प्युटर उघडून बराच वेळ नुसता बघत बसला आणि चहा न घेता गेला. मला आता काही सुचत नाही.

तुझी,
माधुरी

ता.क. चेतनचं म्हणणं, ती थट्टा होती असं तू मामांना लिहून कळवावंस. तसं अजिबात लिहू नकोस. सासूबाई गेल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे, जेवायलासुद्धा उठवावं लागे. हल्ली आपणहून उठतात, दाढी-अंघोळ करतात, कारण पारोशानं कॉम्प्युटरला हात लावू नये असं तू लिहिलं आहेस.

आणखी एक. तुझे उपाय संपत आलेत. मामा रोज पत्र उलटून मागे काही लिहिलंय का बघतात. तेव्हा उलट टपाली आणखी दहा-बारा पाठव. फक्त सगळे कोरडे असू देत.