काबरी रमली पाहिजे

९ जानेवारी २००१, हिंगोली

याडी आल्या एकदाच्या! सोबत एक ट्रंक, एक गाठोडं आणि टोपलीत मांजर. टोपलीवर फडकं बांधलेलं, आत नुसता आरडाओरडा.

याडी म्हणजे यांची आई, चंदाबाई. पुसेगावजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावरून आल्या, आमच्या बाळाला, सेवाला सांभाळायला. माझी बाळंतपणाची रजा कधीच संपली, पुढची बिनपगारी पण संपत आली. बावीस तारखेला शाळेत हजर व्हायचंय. त्या राहिल्या तर माझी नोकरी राहिली. नाहीतर राजीनामाच.

उंबऱ्यातच सांगून टाकलं त्यांनी — "ही काबरी राहिली तर मी राहीन. ती गेली की मी बी गेले." दारासमोर हमरस्ता. ट्रक, एसट्या, कुत्री! म्हणजे मांजर घरातच ठेवायचं. दोन खोल्यांत!

१० जानेवारी

हे म्हणाले, "याडी, कॉलनीत लोक बघतात. साडी नेस." याडींनी फेटिया — त्यांचा आरशा-कवड्यांचा घागरा — घडी करून ट्रंकेत ठेवला. माझी सुती साडी नेसून बसल्या. उगीच परक्या दिसायला लागल्या.

११ जानेवारी

मांजराच्या पायांना तूप चोळलं की ते चाटत बसतं आणि घर धरतं म्हणतात. चोळलं. काबरीने तूप चाटून पुसून खाल्लं आणि परत दाराशी जाऊन ओरडायला लागली. तूपही गेलं!

१३ जानेवारी

लोकरीचा गुंडा आणला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. बाटलीचं बूच दोऱ्याला बांधून खिडकीत लोंबवलं. त्याच्याशी खेळलं कोण? मी आणि सेवा. कागदाचा बोळा फेकला, तो मीच उचलून आणला. एवढी नाटकं तर मी पहिलीच्या पोरांपुढेही करत नाही. बाईसाहेब खिडकीत पोट टाकून रस्ता बघतात, आणि उठल्या की गादी फाडतात.

याडींचंही तेच. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. आज म्हणाल्या, "तांड्यावर दिसभर पळून राहायची माझ्यामागं. हितं काय हाय तिला?" लेकी बोले, सुने लागे! मला काय कळत नाही का? पण करू काय? फार भीती वाटते. इतकं शिकून पुन्हा चुलीपुढेच बसायचं?

१४ जानेवारी

संक्रांत. सगळे गोड बोलले. काबरी सोडून.

१७ जानेवारी

काय झालं आज! ट्रंकेत झुरळं दिसली म्हणून याडींचे कपडे काढून खिडकीतल्या दोरीवर ऊन दाखवायला टाकले. पूर्वेची खिडकी, सकाळचं ऊन. फेटिया जरा हलला मात्र — भिंतभर कवडसे! आणि ती आळशी, ऐदी काबरी एकदम उडालीच. ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर, खाटेवरून कपाटावर. पिठाचा डबा पाडला. सेवा तर हसून हसून आडवा.

याडी उठून बसल्या. "आगं, हेच हुडकून राहिली व्हती ती! फेटिया घालून मी चालायची अन् ती उजेडामागं पळायची. ध्यानातच आलं न्हाई माझ्या." मग स्वतःच दोरी हलवायला लागल्या. आल्यापासून पहिल्यांदा त्यांचे दात दिसले.

पिठाचा डबा पडला तर पडला.

१८ जानेवारी

याडींनी फेटिया घातला. संध्याकाळी हे आले आणि दारातच थांबले. "याडी, हे काय?"

"मांजरासाठी घातला. तकलीफ व्हत व्हती तिला."

यांनी एकदा मांजराकडे पाहिलं, एकदा घागऱ्याकडे. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होते.

२० जानेवारी

आभाळ. ऊन नाही म्हणजे कवडसे नाहीत. पण आता याडीच पेटल्यात. चिंधीला घुंगरू शिवून काबरीपुढे ओढतात. भाकरीचे तुकडे घरभर लपवतात — एक उशीमागे, एक माझ्या चपलेत. "आयतं खाऊन ऐदी व्हतंय जनावर. हुडकू द्या." काबरी हुडकते, तिच्यामागे सेवा रांगतो, त्याच्यामागे याडी. आज भिंतीकडे तोंड करायला कुणाला सवड नव्हती.

२२ जानेवारी

हजर झाले! खडू हातात घेतला आणि डोळेच भरून आले. पोरांना वाटलं, बाईंना सर्दी झाली.

२९ जानेवारी

काबरी गेली. दूध घेताना दार उघडं राहिलं, तेवढ्यात. गल्लीभर शोधलं, नाही सापडली. घरी येते तर याडी पिशवी भरतायत. शाळेची साडी नेसून मी दारात उभी, आणि रडूच फुटलं.

"रडून काहून राहिली? तांड्याकडंच गेली असंल. पोरगं दे हिकडं, शाळेला उशीर व्हऊन राहिला तुला. सांजच्या गाडीनं येतो आमी. मांजर गावलं तर मांजर आणते, न्हाई तर म्हाताऱ्याला आणते. एकलाच काय करून राहिला तितं!"

सेवाला कडेवर घेऊन गेल्यासुद्धा! दोन खोल्या आमच्या. सासऱ्यांची खाट टाकायची कुठं?