डब्यातली पाचवी सुपारी

बाबा, पाच वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि पाचही वर्षं मी तुमच्यावर चिडून आहे. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत आले, की आमच्या बाबांनी कधी काही लिहून ठेवलं नाही, सगळं डोक्यात घेऊन गेले. मागच्या आठवड्यात ते तोंडातल्या तोंडात राहिलं. राग मात्र गेलेला नाही, उलट वाढला आहे.

अमरावतीच्या आपल्या फुलांच्या दुकानात तुमची एक रीत होती. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेला माणूस तुमच्या तळहातावर सुपारी ठेवायचा, तुम्ही ती कपाळाला लावून पत्र्याच्या डब्यात टाकायचे, की शब्द पक्का. फुलं पोचली की ती फोडून खायची. कुठली सुपारी कोणाची, हे तुम्हालाच ठाऊक. मला त्या डब्याचा संताप यायचा. मी कॉम्प्युटर शिकून आलेली, शहाणी. इंटरनेटवर ऑर्डरीचा फॉर्म केला, आपल्या सगळ्यांच्या फोनवर दिसेल असं एकच कॅलेंडर केलं, चांदूर बाजारच्या मळ्यात कोणत्या दिवशी काय तोडायचं तेही त्यातच टाकलं. तुम्ही चष्मा पुसत पाहिलं आणि म्हणालात, "सुपारी घेतली का माणूस नजरेत राह्यते, बाई. याच्यात निस्ती तारीख राह्यते." मी चार दिवस बोलले नाही. पंधरा दिवसांनी तुम्हीच फोन पुढे केला आणि शिकव म्हणालात. टाइप करायला तुमची बोटं जाड, म्हणून माईकचं बटण दाबून बोलायचं कसं ते दाखवलं. तुम्ही फोनशी इतक्या मोठ्यानं बोलायचे, की समोरचा पानवाला ओ द्यायचा.

मग ते घडलं. कॅलेंडर पाहता पाहता तुमचा अंगठा घसरला आणि शुक्रवारची सत्यनारायणाची फुलं शनिवारी जाऊन बसली. शुक्रवारी ते लोक दुकानात येऊन नाही नाही ते बोलले. ते गेल्यावर मी डोक्यात राख घालून घेतली आणि तुम्हाला बोलले, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं. पुन्हा याला हात लावायचा नाही, म्हणाले. तुम्ही हार गुंफत होता, मान वर केली नाहीत. तुम्ही एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. का नाही मारलीत? ऐकून का घेतलंत माझं?

त्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही दवाखान्यात. शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणालात, "सारं लिवून ठेवलं हाय. तुले दिसनच." तुमच्यामागे मी वह्या, पाकिटं, उशीचा अभ्रासुद्धा धुंडाळला. सापडला तो डबा, त्यात पाच सुपाऱ्या. मरता मरता खोटं बोलून गेले, असं मी आईला म्हटलं.

चौघंजण स्वतः येऊन आठवण करून देऊन गेले, त्यांची फुलं वेळेवर पोचली. पाचवे ते आपल्या गल्लीतले टेलरचाचा, माझे शाळेचे फ्रॉक शिवणारे. तुमच्या मातीला आले तेव्हाही त्यांनी फुलांचं अवाक्षर काढलं नाही. दिलेल्या शब्दाची आठवण करून देणं त्यांना अपमानाचं वाटत असावं. महिन्याभरानं एका सकाळी सात वाजता नवे कपडे घालून दारात उभे. मुलीचा निकाह अकोल्यात, गाडी बाहेर थांबलेली, मोगऱ्याचा सेहरा न्यायला आले होते. त्या दिवशीचा सगळा मोगरा दुसऱ्याच्या नावचा होता. मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला आणि सांगितलं, यात नाही म्हणजे ऑर्डर नाही. ते त्या पडद्याकडे पाहत राहिले. "सुपारी त्यायच्या हातावर ठेवली होती, बाई. कागद मांगाचं ध्यानातच नाही आलं." एवढंच बोलले आणि गेले. त्या दिवसापासून आपल्या दुकानासमोरून जात नाहीत, मागच्या गल्लीनं वळसा घालतात.

मागच्या आठवड्यात आईला तुमचे मळ्यातले फोटो हवे होते, म्हणून कपाटातला तुमचा फोन चार्जिंगला लावला. कॅलेंडर उघडलं. पाच नोंदी, बोलून केलेल्या. शेवटची: 'टेलर भाऊ पोरीचा सेहरा मोगरा सकाळी सात अकोला जाणे'. त्या माझ्याकडे आल्याच नव्हत्या, कारण सत्यनारायणाच्या त्या दिवशी, तुम्ही हार गुंफत असताना, मी कॅलेंडरातून तुमचं नाव काढून टाकलं होतं. सांगितलं नव्हतं. तुम्ही दोन महिने मला सांगत होता आणि ते तुमच्याच फोनमध्ये साचत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. आता चिडू कोणावर?

चाचांकडे अजून गेले नाही. रोज सकाळी सुपारी पर्समध्ये टाकते आणि संध्याकाळी परत डब्यात ठेवते. हे लिहिते आहे तेही इंटरनेटवरच्या कागदावर. वर कोपऱ्यात कोणाला पाठवायचं ते विचारणारी चौकट आहे. पहिलं अक्षर दाबलं तर तुमचाच पत्ता वर आला, अजून. एकदा मी तो काढला होता. आज टाकायचा होता, पण बोट उचललं. तुमचा फोन बाजूलाच चार्जिंगला आहे, आणि तो वाजेल याची मला भीती वाटली.