निरोगी माशांचा पिंजरा

सोमवार, ९ तारीख

निरोगी पिंजऱ्यातल्या माशीच्या पोटात काहीतरी वळवळत होतं!

दुर्बीणबाईने — सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते ती, नाव आम्हीच पाडलंय — ओरडून नाही, अगदी हळू हाक मारली. "इकडे ये गं जरा." वाकून पाहिलं. शेपटीवाले बारीक जीव, एकमेकांना चिकटून झुलत होते. काळ्या आजाराचे, वाळूमाशी चावून पसरतो त्या तापाचे. या प्रयोगशाळेत मला ते काही नवे नाहीत. पण ते आतल्या खोलीतल्या माशांमध्ये दिसतात. त्यांना रोग आम्हीच दिलेला असतो. या बाहेरच्या खोलीतल्या. इथेच अंड्यातून निघालेल्या, इथेच वाढलेल्या. माझ्या हातावर पोसलेल्या.

वाळूमाशीला अंडी घालायला रक्त लागतं. एक दिवस मी देते, एक दिवस शिपाईकाका. जाळीला हात लावून बसायचं. आवाज नाही, गुणगुण नाही. पंख उभे धरून उड्या मारत येतात, टोचतात, पोटं लालचुटुक होतात. कधी भीती वाटली नव्हती. उलट माया वाटायची — कुणाला सांगू नये अशी.

घरी आले तर माझ्या लेकीचं, भिंगरीचं, अंग गरम.

मंगळवार, १०

ताप आहेच. घसा पाहिला. लाल वाटला. की लाल असावा असं मला वाटत होतं म्हणून वाटला?

सासूबाई म्हणाल्या, "शाळेत पोरं शिंकतात, त्यात काय एवढं!" त्यांना काही सांगितलं नाही. त्या आधीच म्हणतात, "लोक घरात कुत्रा पाळतात, आमची सून ऑफिसात माशा पाळते."

बुधवार, ११

आणखी माशा कापून पाहिल्या. बऱ्याच निघाल्या तशा. एखादी भरकटून आली असती तर समजू शकते. पण इतक्या? माशी माशीला हा रोग देत नाही. तो रक्तातूनच येतो.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "आतले डबे बाहेर गेलेत. कुणाच्या हातून गेले?" डबे मीच मांडते. मी नाही चुकले... बहुतेक.

काकांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "माझं रक्त कडू आहे साहेब. मेल्या माझ्यामुळेच आजारी पडल्या असतील." कुणीच हसलं नाही. साहेब तर नाहीच.

पिंजऱ्यातल्या सगळ्या माशा गोठवून मारल्या. आता एकच विचार — त्या माशा मला किती वेळा चावल्या? आणि एखादी माझ्या केसांत, पदरात बसून घरी आली असेल तर? रात्री भिंगरी माझ्याच कुशीत असते.

गुरुवार, १२

ताप उतरला. संध्याकाळी पुन्हा चढला. चढ-उतार. पोटावर हात ठेवून पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय का चाचपत होते; या आजारात ती फुगते. ती खुदुखुदु हसायला लागली. "आई, गुदगुल्या!" मी हसले नाही म्हणून घाबरली बिचारी.

शुक्रवार, १३

रजा. घरभर भिंती तपासल्या. बॅटरी घेऊन कपाटामागे, पाण्याच्या टाकीखाली. सिमेंट कालवून भेगा बुजवल्या. हाताची सालं निघाली.

"भिंतीला इतकं न्याहाळतेस, कधी माझ्याकडेही बघ," सासूबाई म्हणाल्या. मग न्हाणीघरातून त्यांचा विजयी आवाज — "ही का गं तुझी पाहुणी? मारली!" चपलेच्या तळव्याला चिकटलेला एवढासा डाग. लालसर. म्हणजे रक्त प्यालेली. कुणाचं? आता काहीच कळणार नाही. मी त्यांच्यावर केवढ्याने ओरडले. नंतर त्यांनी माझ्यासाठी चहा केला आणि ठेवून गेल्या. लाज वाटली.

साहेबांना फोन केला. "बाई, ती वाऱ्यात टिकत नाही. तुमच्या पदरात बसून बसमधून येणार आहे का? तुमच्या घरातली आहे ती. ओल आहे, मागे गोठा आहे, माशा असणारच."

म्हणजे आमच्या घरात माशा आहेतच. यात समाधान कसलं मानायचं?

शनिवार, १४

दोघींचं रक्त तपासलं.

भिंगरीच्या पट्टीवर एकच रेघ. एकच! डॉक्टरबाईंना तीनदा विचारलं. "अहो, नाहीये तिला. घसाच आहे. औषध द्या आणि आइस्क्रीम बंद करा." भिंगरीने तिथेच भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं.

माझ्या पट्टीवर दोन रेघा. बाई म्हणाल्या, "तुम्हाला पूर्वी होऊन गेलाय ना? मग ही रेघ वर्षानुवर्षं येत राहते. तिच्यावरून आत्ताचं काही कळत नाही."

झाला होता. भिंगरी रांगायची तेव्हा. महिनाभर दवाखान्यात होते, ती काचेपलीकडून हात आपटायची. म्हणून तर या नोकरीला अर्ज केला. साहेबांना सगळं सांगूनच रुजू झाले. "बरं झालेलं माणूस बरंच असतं," म्हणाले होते.

निघताना डॉक्टरबाईंनी मला खिडकीशी नेलं. उजेडात हनुवटी वर केली. "हे फिकट डाग कधीपासून?"

"ऊन लागतं म्हणून असतील. सासूबाई म्हणतात, पावडर नीट पुसत जा."

कुष्ठरोगात डाग बधिर असतो, म्हणून तिथे टाचणी टोचली. "कळतंय?" कळत होतं. त्यांनी टाचणी खाली ठेवली. म्हणाल्या, "कधी कधी ताप बरा होतो, पण थोडे जीव कातडीत राहून जातात. माणसाला त्रास काहीच होत नाही. तुमच्या साहेबांशी बोलते मी."

रविवार, १५

भिंगरी खडखडीत. अंगणात दोरीच्या उड्या. मी आरशासमोर.

सोमवार, १६

साहेब आज आवाज न चढवता बोलले. तेच जास्त भयंकर. आज अंड्यातून... नाही, कोषातून निघालेल्या कोऱ्या माशा, रक्त कधी न चाखलेल्या. एक डबा काकांच्या हाताला, एक माझ्या; कुणाच्या अंगातून माशांत रोग जातो ते पाहायला. डब्यांवर कुलूप, किल्ल्या साहेबांकडे.

काका माझ्याशेजारी बसले होते. "पोरी, असं काही नसतं. उगाच खेळ चाललेत यांचे." मग थोड्या वेळाने, जाळीकडे बघत, "आणि असलं तरी औषध आहे ना गं?"

आहे. लांबलचक चालतं, पण आहे.

माशा प्याल्या. दोन्ही डब्यांत सारख्याच लाल.

गुरुवार, १९

वाट बघणं. भिंगरीला शेजारी झोपू दिलं नाही. कारण काय सांगणार? म्हटलं, गरम होतंय. ती आजीकडे गेली, पाठ फिरवून.

मंगळवार, २४

काकांच्या डब्यातल्या माशा स्वच्छ. माझ्या डब्यातल्या नाहीत. दुर्बीणबाई सूक्ष्मदर्शकावरून उठली आणि तिने माझा हात हातात घेतला. तोच हात.

बारीक विणीची मच्छरदाणी आणली. माझ्या पलंगाला लावली, माझ्याच; घरातली माशी मला चावून मग तिला चावू नये म्हणून. भिंगरी बाहेरून जाळीला नाक चिकटवून उभी. "आई, तुला काय झालंय?"

"मला काहीच नाही गं," म्हणाले. खोटं नव्हतं. मला काहीच होत नाही.